गाठ आणि मुंग्या



लोणावळ्याच्या बाजारपेठेत पावसाळा म्हणजे हंगाम. पर्यटकांची रीघ लागली की चिक्कीच्या दुकानातील गल्ल्यापासून घरच्या चुलीपर्यंत गृहिणीला उसंत नसते. अशा दिवसांत स्नानाच्या वेळी हाताला लागलेली स्तनातील गाठ ‘पर्युषण होऊ दे, दिवाळी होऊ दे’ म्हणता म्हणता चार महिने मागे पडते. दुखत नाही, मग घाई कशाला, हा त्यामागचा तर्क. आणि तो नेमका उलटा आहे. कर्करोगाची गाठ आरंभी बहुधा दुखतच नाही.

बहुतेक गाठी साध्या असतात, हेही तितकेच खरे. परंतु कोणती साधी, हे घरी बोटांनी ठरत नाही. डॉक्टर हाताने तपासतात. मग वयानुसार सोनोग्राफी वा मॅमोग्राफी, आणि शंका उरल्यास सुईने घेतलेला नमुना. सुई लावल्याने रोग पसरतो, ही आपल्या घरांतील जुनी भीती निराधार आहे. याहून अवघड भीती वेगळीच : ‘कोणाला कळू देऊ नका, मुलीचे लग्न व्हायचे आहे.’ या एका वाक्यापायी किती भगिनी गप्प राहतात!

मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1998 मध्ये दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा अभ्यास आरंभिला. निम्म्या स्त्रियांचे स्तन प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी केवळ हाताने तपासले. वीस वर्षांच्या पाहणीचा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. या गटात रोग लवकरच्या टप्प्यात सापडला आणि पन्नाशीपुढील स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले. पन्नाशीआतील स्त्रियांत मात्र मृत्यूंत तशी घट दिसली नाही.

आता मुंग्यांविषयी. हातापायांना मुंग्या येतात आणि त्याच सुमारास गाठ लागते, तेव्हा मन दोन्हींची सांगड घालते. बहुधा त्यांचा परस्परांशी संबंध नसतो. मुंग्यांची कारणे मधुमेह, थायरॉइड, मानेतील वा मनगटातील दबलेली नस अशी असतात; आणि शाकाहारी घरांत विशेषतः ब-12 जीवनसत्त्वाची उणीव. आपल्याकडे त्याचा मुख्य आधार दूध-दही. यकृतातील साठा वर्षानुवर्षे पुरतो, म्हणून नऊ दिवसांच्या आयंबिलाला दोष देऊ नये. दूध कायमचे सुटले असेल तर मात्र विचार करावा. रक्ताच्या साध्या तपासणीत हे कळते. काही कॅप्सूलांचे आवरण प्राणिज जिलेटिनचे असते. तेव्हा गोळी वा इंजेक्शन मागावे, औषधच टाळू नये. छातीच्या एकाच बाजूला झिणझिण्या येऊन पुरळ उठल्यास ती नागीण असू शकते. आणि एका बाजूचा हातपाय अकस्मात लुळा पडला वा वाचा अडखळली, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे.

मावळातून फार दूर जाण्याचेही कारण नाही. तळेगाव दाभाड्यात वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. भाऊसाहेब सरदेसाई रुग्णालय आहे. पुणे स्थानकाजवळच ससून. सोबत जुने रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी असावी. गाठ केव्हा लागली, वाढली का, स्तनाग्रातून स्राव होतो का, आई-मावशी-आत्याला हा रोग झाला होता का, हे न लाजता सांगावे. लोकल सकाळची धरावी. गल्ल्यावर त्या दिवशी घरातील पुरुषांनी बसावे.