गुरे वळायला जा!

"अभ्यास जमत नसेल तर सरळ गुरे वळायला जा!" हे वाक्य ज्याने शाळेत ऐकले नाही असा विद्यार्थी आपल्या महाविद्यालयात शोधूनही सापडायचा नाही. मीही ते ऐकले आहे. फरक इतकाच, की इतरांना ती नुसती धमकी वाटे आणि मला त्यात माझे आजोबा दिसत. त्यांनी उभे आयुष्य गावाची गुरे वळली. वर्ग हसू लागला की मी खाली मान घालून पुस्तक चाळत बसे. तेव्हा उत्तर सुचले नव्हते. आज सुचले आहे, पण ते जरा लांबून, पॅसिफिक महासागरातल्या हवाई बेटांवरून आणावे लागले आहे.

हवाई मी पाहिलेले नाही, पुढे कधी पाहीन असेही नाही. जे लिहितो आहे ते वाचून. इतिहासाच्या तासाला अमेरिकेचा विषय निघाला होता. घोड्यावरचा, रुंद टोपीचा, गोरा 'काउबॉय' आपण सिनेमात पाहतो, तोच गुराख्यांचा मूळपुरुष असे मला वाटत होते. वाचू लागलो तेव्हा कळले, की अमेरिकेच्या पश्चिमेकडे गुरांचे प्रचंड तांडे हाकण्याचा जो काळ प्रसिद्ध आहे, तो १८६५ मध्ये तिथले यादवी युद्ध संपल्यानंतरचा. त्याच्या तीसेक वर्षे आधी हवाईचे लोक घोड्यावर बसून, फासाचा दोर फेकून रानटी गुरे धरीत होते. त्या लोकांना 'पानिओलो' म्हणतात.

मुळात हवाईत गुरे नव्हतीच. १७९३ मध्ये जॉर्ज व्हँकूव्हर या इंग्रज दर्यावर्दी कप्तानाने राजा पहिला कामेहामेहा याला काही गुरे भेट दिली आणि पुढच्या वर्षी आणखी आणली. ती वाढावीत म्हणून राजाने त्यांना मारण्यास बंदी घातली. अशा बंदीला हवाईच्या भाषेत 'कापू' म्हणतात. मराठी माणसाला गंमत वाटेल, पण तिथे 'कापू' म्हणजे कापायचे नाही! परिणाम व्हायचा तोच झाला. गुरे बेसुमार वाढली, रानटी झाली, लोकांच्या मळ्यांत शिरू लागली. पिके वाचवायला दगडी गडगे घालावे लागले. मौना केआ पर्वताच्या उतारावरची जंगले त्यांनी खाऊन, तुडवून विरळ केली. रानगुरे धरायला लोक खड्डे खणीत. अशाच एका खड्ड्यात १८३४ मध्ये डेव्हिड डग्लस हा नामवंत स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ मृतावस्थेत सापडला. त्याच खड्ड्यात एक बैलही होता. राजाने दिलेली बंदी आणि गोऱ्या पाहुण्याने दिलेली भेट, दोन्ही चांगल्या हेतूच्या. पण निस्तरायची वेळ आली ती साध्या माणसांवर.

१८३० मध्ये बंदी उठली. कातडी, चरबी आणि खारवलेले मांस यांना जहाजांवर गिऱ्हाईक होते. पण रानटी बैल धरायचा कसा? घोडे १८०३ पासून बेटांवर होते, विद्या नव्हती. तेव्हा तिसऱ्या कामेहामेहाच्या राजवटीत कॅलिफोर्नियातून 'वाकेरो' म्हणजे मेक्सिकन गुराखी बोलावले गेले. कॅलिफोर्निया त्या काळी मेक्सिकोच्या ताब्यात होते. हे लोक 'एस्पान्योल', म्हणजे स्पॅनिश बोलणारे. हवाईच्या भाषेत 'स' हा उच्चारच नाही, म्हणून त्यांचे झाले 'पानिओलो'. पुढे शिकवणारे परत गेले, शब्द मात्र शिकणाऱ्यांना चिकटला. त्यांनी विद्या उचलली आणि आपली करून टाकली. कच्च्या चामड्याच्या वाद्या विणून ते 'काउला इली' हा दोर स्वतः तयार करीत. खोगीर आपल्या डोंगरांना आणि पावसाला सोसेल असे बदलून घेतले. वाकेरोंनी गिटार आणली होती, तिच्या तारा यांनी सैल करून आपल्या कानाला रुचतील अशा लावल्या. 'की होआलू' ही गिटारवादनाची पद्धत आज जगात हवाईची म्हणूनच ओळखली जाते. टोपीवर फुलांची माळ गुंफून गुरांमागे जाणारा गुराखी दुसरीकडे कुठे असेल असे मला वाटत नाही.

या विद्येची खरी परीक्षा समुद्रात होई. कवाइहाए बंदरात मोठ्या जहाजाला लागायला धक्का नव्हता. पानिओलो घोड्यावरून एकेक जनावर लाटांत ओढीत नेत. होडीच्या दोन्ही बाजूंना गुरांची डोकी पाण्यावर राहतील अशी बांधीत, होडी जहाजापाशी जाई आणि तिथे पोटाखाली पट्टा घालून जनावर वर उचलले जाई. घोडा पोहतो आहे, बैल झटे देतो आहे, माणूस दोर सांभाळतो आहे. या कामाला 'अडाणी' कोण म्हणेल?

ज्यांना तरीही पुरावा हवा असेल त्यांच्यासाठी १९०८ ची गोष्ट. वायोमिंगमधल्या शायेन गावी गुराख्यांच्या जगज्जेतेपदाची स्पर्धा भरली. हवाईहून तिघे गेले. घोडेही उसने घेतलेले. धावत्या बैलाला फास टाकून, आडवा पाडून, पाय बांधायचे अशी ती स्पर्धा. इकुआ पर्डीने ५६ सेकंदांत ते काम केले आणि पहिला आला. आर्ची काआउआ तिसरा, जॅक लो सहावा. त्यांच्या जाण्यामागे एबेन लो याची खटपट होती. फास टाकताना झालेल्या अपघातात त्याचा एक हात गेलेला होता. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. १८९३ मध्ये हवाईच्या राणीला पदच्युत केले गेले, १८९६ मध्ये शाळांतून हवाईची भाषा जाऊन इंग्रजी हेच माध्यम झाले, १८९८ मध्ये बेटे अमेरिकेने आपल्यात घेतली. त्यानंतर दहाच वर्षांनी, ज्यांनी राज्य घेतले त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच खेळात हवाईच्या गुराख्याने त्यांना हरवले! हे वाचले तेव्हा ग्रंथालयात बसल्या जागी मी एकटाच हसलो.

इथे थांबलो असतो तर लेख गोड झाला असता. पण गौरव झाला म्हणजे न्याय झाला असे नाही, आणि माझा खरा मुद्दा हा आहे.

वाइमेआ गावचे पार्कर रँच हे हवाईतले सर्वांत नावाजलेले गुरांचे रँच. जॉन पामर पार्कर हा मॅसॅच्युसेट्सचा खलाशी १८०९ मध्ये जहाज सोडून बेटावर राहिला, राजाच्या परवानगीने रानगुरांची शिकार करू लागला. किपिकाने या राजघराण्यातल्या मुलीशी त्याने लग्न केले आणि १८४७ मध्ये दोन एकरांवर रँच सुरू केले. त्याचे पुढे लाखाच्या वर एकर झाले. नेमके १८४८ मध्ये हवाईत 'महेले' नावाची जमिनीची वाटणी झाली. तोवर जमीन कुणाच्या खाजगी मालकीची नव्हती. वाटणीनंतर प्रत्यक्ष कसणाऱ्या सामान्य लोकांच्या वाट्याला सगळ्या जमिनीतला एक टक्काही आला नाही. तेव्हा ज्यांनी दोर विणले, गुरे समुद्रात पोहवली, त्यांतले बहुतेक दुसऱ्याच्या कुरणावर मजुरी करणारेच राहिले. खुद्द इकुआ पर्डी हा नात्याने पार्करचा पणतू, पण त्याचेही आयुष्य घोड्यावर राबण्यातच गेले.

आज पार्कर रँचचे नाव काढले की मालकांची जुनी घरे, कोआ लाकडाची भिंत, वंशावळ यांची माहिती आधी मिळते. इकुआचे नाव अमेरिकेच्या राष्ट्रीय रोडिओ सन्मानयादीत आले ते १९९९ मध्ये, म्हणजे विजयानंतर ९१ वर्षांनी आणि मृत्यूनंतर ५४ वर्षांनी. वाइमेआत आता त्याचा पुतळा आहे. चांगलेच झाले. पण माझे मत असे, की रँच पाहायला जाणाऱ्याने आधी घर नव्हे, दोर पाहावा. घर कुणाचे ते कागदावरून कळते. रँच कुणी उभे केले ते दोरावरून कळते.

कोणी म्हणेल, "त्या गुरांनी तर जंगले बुडवली, त्याचे कसले कौतुक?" आक्षेप खरा आहे. पण गुरे आणली पानिओलोंनी नव्हेत. मोकाट सुटलेली आवरली त्यांनी. दुसरे कोणी म्हणेल, "मग तू तरी महाविद्यालयात कशाला आलास? गुरेच वळायचीस." हा प्रश्न मला घरातूनही झाला आहे. माझे उत्तर असे, की मी शिकलो ते आजोबांच्या कामाला कमी मानून नव्हे. ज्या कामात विद्या आहे पण ज्याची नोंद कुठल्याच वहीत नाही, त्याची नोंद करायला शिकलेला माणूस लागतो. पानिओलोंची गाणी, शब्द, दोर विणण्याच्या रीती टिकल्या, कारण त्यांच्याच नातवंडांना त्यांची लाज वाटली नाही. तिथली भाषाही १९७८ मध्ये पुन्हा राज्यभाषा झाली.

सुट्टीत मी आजोबांना कवाइहाए बंदराची हकिकत सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पैलं जनावर पान्यात कोनतं घालत व्हते? त्यावर समदं हाय. म्होरकं बुजलं की बाकीची येत न्हाईत." मी वाचलेल्या पानांत याचे उत्तर नव्हते. प्रश्नही नव्हता.

तेव्हा गुरुजनांना नम्र विनंती, की विद्यार्थ्याला रागवायचे असेल तर जरूर रागवावे; आमच्या चुका पुष्कळ असतात. पण "गुरे वळायला जा" हे वाक्य तेवढे वापरू नये. ते काम वाटते तितके सोपे नाही, आणि नापास झालेल्याला तर ते मुळीच जमायचे नाही.