संकेताचा शेवट कोठे?

लेखनात काही चिन्हे स्वतः वाचली जाण्यासाठी नसतात. पुढचा मजकूर कसा वाचावा, एवढेच ती सांगतात. संगणकाच्या आज्ञावलीत हे काम उलट्या तिरप्या रेघेकडे असते. ही रेघ दिसली की यंत्राने पुढील अक्षरे नेहमीच्या अर्थाने न घेता संकेत म्हणून घ्यावयाची असतात. इंग्रजीत यास 'एस्केप सीक्वेन्स' म्हणतात. शब्दशः भाषांतर 'पलायनक्रम' असे होईल. परंतु येथे कोणी पळून जात नाही, म्हणून आपण 'संकेतक्रम' म्हणू.

संकेत सुरू कोठे होतो हे रेघ सांगते. तो संपतो कोठे, हे कोणी सांगावयाचे?

'सी' या भाषेचे पहिले अधिकृत मानक १९८९ साली अमेरिकेत संमत झाले. त्यात रेघेपुढे 'एक्स' लिहून षोडशमान पद्धतीने अक्षराचा क्रमांक देता येतो. या पद्धतीत शून्य ते नऊ हे अंक आणि त्यांपुढे 'ए' ते 'एफ' ही सहा रोमन अक्षरेही अंकच असतात. मानकाचा नियम असा की, असे अंक जोवर सापडत राहतील तोवर यंत्राने ते घेत जावे. संख्येला मर्यादा नाही. अष्टमान संकेतास मात्र तीन अंकांची मर्यादा त्याच मानकाने घातली आहे. एकाच पानावर दोन न्याय!

याचा परिणाम पाहण्यास दूर जावयास नको. राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील गावांची यादी छापावयाची आहे आणि प्रत्येक नावापूर्वी स्तंभ बदलणारे चिन्ह हवे आहे, असे समजा. त्या चिन्हाचा क्रमांक ९. गाझियाबाद, गुरुग्राम आणि नोएडा ही नावे बिनचूक छापली जातील, कारण रोमन लिपीतील त्यांची आद्याक्षरे अंकांत मोडत नाहीत. दिल्लीची मात्र पहिली दोन अक्षरे, 'डी' आणि 'ई', यंत्र नऊला जोडून घेईल आणि २५२६ हा आकडा तयार होईल. आठ बिटांच्या बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठा आकडा मावत नाही. म्हणून यंत्र निदान तक्रार तरी करील. फरिदाबाद व बागपत यांचीही हीच गत. खरा घात अलवरचा होतो. तेथे एकच 'ए' गिळला जातो, आकडा १५४ होतो, तो बाइटमध्ये सुखाने मावतो, आणि कोणतीही सूचना न मिळता त्या गावाचे नाव आद्याक्षराविना छापले जाते. जी चूक आरडाओरड करते ती सुधारता येते. ही मुकाट्याने ग्रंथालयाच्या सूचीत जाऊन बसते.

नियम असा का केला, यामागे विचार नव्हता असे नाही. काही यंत्रांत एक अक्षर आठ बिटांहून मोठे असते. अंकांची मर्यादा घातली असती तर तेथे अडचण आली असती. परंतु मर्यादा नको असेल तर शेवटाची खूण हवी, आणि ती दिली नाही हा माझ्या मते मानककारांचाच दोष आहे. 'लिहिणाऱ्याने सावध राहावे' हे उत्तर मला पटत नाही; मानक असते ते सावधगिरीचा भार हलका करण्यासाठीच.

निश्चित अंकसंख्या ठरविणे हाही एक उपाय आहे, पण तो अपुरा आहे. १९९९ च्या मानकाने 'यू' या लहान अक्षरापुढे नेमके चार अंक ठरविले. देवनागरीस तेवढे पुरतात. 'क' चा क्रमांक ०९१५ आहे. मोडी लिपीस मात्र २०१४ साली युनिकोडमध्ये जे स्थान मिळाले ते पाच अंकांचे आहे. मोडीतील 'अ' चा क्रमांक ११६००. तो लहान 'यू' पुढे लिहिला तर यंत्र ११६० एवढेच घेते. ते कोरियन लिपीतील एक अदृश्य पूरकचिन्ह आहे; त्यामागे एक शून्य लोंबत राहते. मोडीसाठी मोठा 'यू' आणि आठ अंक हवेत. पेशवाईतील दप्तरे संगणकावर आणू पाहणाऱ्यास हा भेद ठाऊक असलाच पाहिजे.

योग्य उपाय महिरपी कंसांचा. क्रमांक कंसात घातला की आरंभ आणि शेवट दोन्ही डोळ्यांस दिसतात, मग अंक दोन असोत वा सहा. जावास्क्रिप्टने मोठ्या क्रमांकांसाठी तो २०१५ साली स्वीकारला. सी++ भाषेच्या २०२३ च्या आवृत्तीतही तो आला. जुना नियम बदलला असता तर पूर्वीच्या आज्ञावलींचा अर्थ पालटला असता, म्हणून जुने रूप ठेवून नवे जोडले, हे शहाणपणाचे झाले. सी भाषेच्या २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मानकात मात्र हे कंस नाहीत.

तेथे आजही एक जुनी युक्ती चालते. अवतरणचिन्हे संकेतापाशीच बंद करावी आणि अलवर हे नाव नव्या अवतरणात लिहावे. यंत्र आधी संकेत उलगडते, मग शेजारची अवतरणे जोडते. हा क्रम मानकातच लिहिला आहे, त्यामुळे 'ए' शाबूत राहतो.