हवा जरा कमी आहे... चालेल?

सकाळी सहाची दिल्ली फ्लाइट. म्हणजे तीनचा अलार्म, साडेतीनची कॅब, पोटात ना चहा ना नाश्ता आणि दहाला मीटिंग. सगळे बेल्ट लावून बसलो आणि कॅप्टनचा गोड आवाज आला: एक टायर बदलावा लागतोय, थोडा उशीर होईल. शेजारच्या टायवाल्याने सुस्कारा सोडला. ‘आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला दहा मिनिटांत करून देतो हो!’ मी जोरात मान डोलावली.

घरी आल्यावर सहज वाचायला घेतलं आणि मानेला ब्रेक लागला.

आपल्या कारच्या टायरमध्ये ३०-३५ पीएसआय हवा असते. एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ च्या टायरमध्ये २०० च्या आसपास! आणि ती साधी हवा नसतेच, नायट्रोजन असतो. टायर फार तापला तर साध्या हवेतला ऑक्सिजन घात करू शकतो. लँडिंगच्या क्षणी चाक स्थिर असतं आणि खालची धावपट्टी ताशी दोन-अडीचशे किलोमीटरने पळत असते. तो धुराचा भपका दिसतो ना, ते रबर जळतं. त्याआधी तेच रबर उणे पन्नासच्या थंडीतून आलेलं असतं. एवढं सोसायला आजही मुख्यतः झाडाच्या चिकाचं, नैसर्गिक रबरच लागतं. बरेचसे टायर रिट्रेड केलेले असतात. दचकू नका, आतला सांगाडा तपासूनच वर नवा थर चढवतात.

दाराच्या कडेची रबरी सीलही विसरू नका. पस्तीस हजार फुटांवर आपण शंभराच्या सँडविचला अडीचशे का, यावर वाद घालू शकतो, ते आतली हवा आत राहते म्हणून.

पण मी अडकले ती जेद्दाहच्या गोष्टीत. ११ जुलै १९९१. नेशनएअर या कॅनडाच्या कंपनीचं डीसी-८ विमान हज करून परतणाऱ्या नायजेरियन यात्रेकरूंना घेऊन निघालं होतं. टायरमधला दाब कमी आहे, हे मेकॅनिकला काही दिवस आधीच कळलं होतं. नायट्रोजन हाताशी नव्हता. टायर बदलायचा तर वेळ जाणार आणि वेळापत्रक आधीच कोलमडलेलं. मग ते सांभाळणाऱ्या मॅनेजरने ठरवलं, जाऊ द्या तसंच. (ओळखीचं वाटतंय ना हे वाक्य?)

मऊ पडलेल्या टायरने आपला भार शेजारच्यावर टाकला. धावपट्टीवरच तो फाटला, मग हाही. चाक फिरायचं थांबलं आणि घासून पेटलं. कॉकपिटमध्ये आगीचा पत्ताच नव्हता. विमान उचललं आणि नेहमीप्रमाणे चाकं पोटात घेतली, म्हणजे आगच आत घेतली. वैमानिकांनी विमान परत वळवलं, पण धावपट्टी गाठता आली नाही. २६१ माणसं गेली, एकही वाचलं नाही.

इंजिन धड, हवामान धड. कमी होता तो टायरमधला दाब. आणि ते ज्याला माहीत होतं, त्याचा शब्द चालला नाही.

माझ्या फ्लाइटचं म्हणाल तर पन्नास मिनिटं गेली. खिडकीतून बघितलं, तर खाली चमकत्या जॅकेटमधले दोघं जण जुनं चाक ढकलत नेत होते. टायवाला म्हणाला, ‘चला, सुटलो एकदाचे.’ मीटिंगला पोचले तेव्हा प्रेझेंटेशन संपत आलं होतं. बॉसने घड्याळाकडे बघून विचारलं, ‘ट्रॅफिक?’

‘टायर,’ मी म्हटलं.

‘पंक्चर काढायला एवढा वेळ?’