जूनचे स्वागत आणि मार्चची परीक्षा

दरवर्षी जूनच्या मध्यास महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत शाळा उघडतात. त्या दिवशी जिल्हा परिषदेच्या शाळांच्या दारांवर आंब्याच्या डहाळ्यांची तोरणे लागतात. नव्या मुलांची बैलगाडीतून मिरवणूक निघते, त्यांच्या हाती गुलाबाचे फूल आणि नवी पाठ्यपुस्तके ठेवली जातात. गटशिक्षणाधिकारी येतात, सरपंच येतात, कधी एखादे मंत्रीही येतात. या समारंभाची थट्टा करण्याचे आम्हांस कारण नाही. ज्या देशात शाळेच्या दारावरून परत पाठविले जाणे हाच कोट्यवधी मुलांचा पिढ्यान् पिढ्यांचा अनुभव होता, त्या देशात मुलाला फूल देऊन आत घेणे ही लहान गोष्ट नव्हे. तथापि शाळेचे आणि गावाचे मन किती मोठे आहे, याची कसोटी जूनमध्ये लागत नाही. ती लागते मार्चमध्ये.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून, आष्टी-पाथर्डीच्या कोरडवाहू पट्ट्यातून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फेडण्यासाठी नवरा-बायकोचा ‘कोयता’ पाच-सहा महिने फडात राबवावा लागतो. मागे सांभाळणारे कोणी नसले की मुलेही बरोबर जातात. सहावी-सातवीतील मुलगी त्या तळावर केवळ सोबतीला जात नाही. पहाटे आई-बाप फडात गेल्यावर कोपीतील चूल तिची, पाणी तिचे आणि धाकटे भावंडही तिचेच. हंगाम संपून ती मार्च-एप्रिलमध्ये गावी परतते, तेव्हा वर्गाने निम्मे पुस्तक उलटलेले असते. हजेरीपटावर तिच्या नावापुढे गैरहजेरीची रांग असते आणि परीक्षा तोंडावर आलेली असते. त्या सकाळी ती वर्गाच्या उंबऱ्याशी उभी राहते. ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असा प्रश्न तिला होतो, की ‘बरे झाले आलीस, ये, बैस’ असे कोणी म्हणते, यावर पुष्कळदा तिचे पुढील आयुष्य ठरते.

कायदा या मुलीच्या बाजूचा आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशाची मुदत संपून गेली तरी कोणत्याही मुलास प्रवेश नाकारता येत नाही. दाखला मिळण्यास विलंब झाला हेही कारण चालत नाही. वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षणाने त्याची उणीव भरून काढणे हे शाळेचे कर्तव्य ठरविले आहे. परंतु एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची आपल्या राज्यकर्त्यांची रीत जुनीच आहे. २०१९ च्या दुरुस्तीने केंद्राने पाचवी व आठवीत मुलांना मागे ठेवण्याची मुभा राज्यांना दिली आणि २०२३ मध्ये महाराष्ट्राने तिचा स्वीकार केला. अनुत्तीर्ण झालेल्यास पुन्हा परीक्षेची संधी आहे, हे खरे. पण जिचे अर्धे वर्ष फडात गेले, तिला दोन महिन्यांत दुसरी परीक्षा देण्याची संधी म्हणजे काय, हे त्या तळावर जाऊन विचारावे. नापास झालेली तेरा वर्षांची मुलगी पुन्हा त्याच वर्गात बसत नाही. ती घरी बसते, आणि मग तिच्या लग्नाची बोलणी सुरू होतात.

ग्रामीण मुलाच्या शिक्षणात सहावी ते आठवी हा सर्वांत नाजूक सांधा आहे, याकडे आपल्या चळवळीचेही पुरेसे लक्ष गेलेले नाही. पहिलीतील मुलाच्या श्रमाला बाजारात किंमत नसते. बारा वर्षांच्या मुलाच्या श्रमाला असते. याच वयात मुलाला आपली जात कळू लागते, म्हणजे ती इतरांकडून कळविली जाते. याच वयात मुलीचे रस्त्याने एकटीने चालणे हा घरादाराच्या चिंतेचा विषय होतो. आणि नेमक्या याच टप्प्यावर वाडी-वस्तीवरची शाळा संपते व मोठ्या गावच्या शाळेचा रस्ता सुरू होतो. पण हेच वय मोठ्या उमेदीचेही असते. परिपाठात पहिल्यांदा सर्वांसमोर बोलणे, लेझीमच्या पथकात उभे राहणे, हस्तलिखितासाठी अक्षर घोटणे, केंद्राच्या क्रीडास्पर्धेत गावाचे नाव घेऊन धावणे या गोष्टींतून मुलाला प्रथमच वाटते की, या जगात आपल्यालाही जागा आहे. ती जागा ज्याला या तीन वर्षांत मिळाली, तो सहसा शाळा सोडत नाही.

ही जागा सदिच्छेने मिळत नाही. ती व्यवस्थेने मिळते. महाराष्ट्राला हा धडा कोणी बाहेरून शिकविण्याची गरज नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले, आणि १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्यांच्या मुलांना सर्वांच्या शाळेत बसविण्याचा हुकूम काढला. त्याच १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले गावी भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. कोल्हापुरातील वसतिगृहे बहुतांशी जातवार होती. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. १९२४ मध्ये साताऱ्यास त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मुलांना एका छताखाली आणले. स्वयंपाक एकत्र, पंगत एक, कामही सर्वांना सारखे. १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते या वसतिगृहास शाहू छत्रपतींचे नाव देण्यात आले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले हे सर्वांस ठाऊक आहे. पण खेड्यापाड्यांतील बायांनी रोज दळणकांडणातून मूठ-मूठ धान्य बाजूला काढून संस्थेला दिले, याचे मोल त्याहून कमी नाही. त्या मुठीत दान नव्हते, मालकी होती. ‘ही पोरे आमची’ असे गाव म्हणत होते.

त्या पंगतीचा वारसा आज शाळेच्या खिचडीत आहे. १९९५ मध्ये सुरू झालेली मध्यान्ह भोजनाची योजना प्रारंभी बव्हंशी धान्यवाटपावरच थांबली होती. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिजविलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि पुढे ही योजना आठवीपर्यंत गेली. तिच्याकडे केवळ उष्मांकांच्या हिशेबाने पाहणे चूक आहे. रोज दुपारी एका रांगेत, एका पातेल्यातले अन्न मुले खातात, ही खेड्यातील फार मोठी घटना आहे. म्हणूनच तिच्यावर घाव घालण्याचे प्रयत्न होतात. कोणाचे ताट वेगळे ठेवले जाते, कोठे दलित स्वयंपाकीण नको म्हणून पालक मुलांना घरून डबा देतात. जेथे असे घडते, तेथे जूनमधील तोरणे कितीही हिरवी असोत, ती शाळा काही मुलांचे स्वागत करते आणि काहींना केवळ सहन करते. तुटपुंज्या मानधनावर चुलीपुढे उभी राहणारी ती स्वयंपाकीण, खरे पाहता, शाळेची पहिली नागरिकशास्त्राची शिक्षिका आहे.

या पार्श्वभूमीवर समूह शाळांच्या प्रश्नाकडे पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्ये शिक्षण खात्याने वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करण्याचे प्रस्ताव मागविले. अशा शाळा सुमारे पावणेपंधरा हजार आणि त्यांतील मुले सुमारे एक लाख पंच्याऐंशी हजार असल्याचे तेव्हा सांगण्यात आले. पुणे जिल्ह्यातील पानशेत आणि नंदुरबारमधील तोरणमाळ येथील प्रयोग नमुना म्हणून पुढे करण्यात आले. यावर सरसकट ‘नको’ म्हणणे सोपे आहे, पण ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. चार मुलांच्या वर्गात कबड्डीचा संघ होत नाही. एकाच गुरुजींनी गणित, विज्ञान, इंग्रजी आणि इतिहास शिकवायचा, शिवाय कार्यालयाची माहितीपत्रके भरायची, यात सातवीच्या मुलाचे नुकसानच आहे. ग्रंथालय, प्रयोगाचे साहित्य, विषयवार शिक्षक आणि बरोबरीचे सवंगडी यांवर त्याचाही हक्क आहे.

म्हणून भेद करावा लागेल. पाचवीपर्यंतची शाळा मुलाच्या वस्तीतच असली पाहिजे. तिचा पट आठ असो वा अठरा, ती बंद करणे आम्हांस कदापि मान्य होणार नाही. नियमानेही पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत हवी. सहावीपासून पुढे मुले एकत्र आणायचीच असतील, तर प्रथम वाहन आले पाहिजे, मग शाळा हलली पाहिजे. आणि हा निर्णय पालकांच्या सभेने घेतला पाहिजे. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस. टी.चा संप झाला, तेव्हा पासवर प्रवास करणाऱ्या मुलींच्या शाळेचे काय झाले, ते खेड्यांनी पाहिले आहे. शिवाय कमी पटाच्या अनेक शाळा धनगरवाडे, ठाकरवाड्या, कातकरी व भिल्ल पाडे यांतल्या आहेत. त्यांची मुले मोठ्या गावी गेली की ती ‘वाडीवरची पोरे’ होतात, शेवटच्या रांगेत बसतात. त्यांच्या बोलीला वर्ग हसतो. अंतर केवळ किलोमीटरांत मोजणाऱ्या शासनाला हे दुसरे अंतर दिसत नाही. ते आपण दाखवून दिले पाहिजे.

कार्यकर्त्यांपुढील काम यातूनच स्पष्ट होते. शाळा व्यवस्थापन समितीत पाऊणशे टक्के सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. पुष्कळ गावांत या समित्या मुख्याध्यापकांच्या कपाटातील एका वहीत नांदतात. त्या वहीबाहेर आणल्या पाहिजेत. दसऱ्यापूर्वी गावातून कोणती मुले फडावर जाणार याची यादी करावी, आणि हंगामी वसतिगृहाची मागणी टोळ्या निघण्याआधी मंजूर करून घ्यावी. टोळ्या गेल्यावर मंजूर झालेले वसतिगृह कोणाच्या उपयोगाचे? वाडीवरच्या पालकांना समितीत जागा आहे काय, हे पाहावे. महिन्यातून एकदा मुलांच्या पंगतीत जाऊन बसावे. रांग एक आहे की दोन, हे अहवालातून कळत नाही, मांडी घालून बसल्यावर कळते. आणि मार्चमध्ये परतलेल्या मुलांसाठी सुटीत दोन तास वर्ग चालवू शकतील अशी गावातील शिकलेली पोरे शोधावीत. यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागत नाही.

शाळा वाचवा, अशी घोषणा आपण देतो, ती योग्यच आहे. परंतु जी शाळा सर्वांना आपली वाटत नाही, ती वाचविण्यासाठी सर्व गाव उभे राहत नाही. एकेकाळी मूठभर धान्याने हे नाते जोडले होते. आज धान्य सरकार देते, इमारत सरकार बांधते, मात्र ‘ये, बैस’ हे दोन शब्द गावालाच म्हणावे लागतात. येत्या मार्चमध्ये फडावरून परतणारी मुलगी वर्गाच्या उंबऱ्याशी उभी राहील, तेव्हा ते शब्द तिला ऐकू आले पाहिजेत.