इंग्रजी पेपर कुठला लावावा?

पालक सभा संपली आणि रिक्षा चालवणारे एक पालक दाराशी थांबले. "सर, मुलगी नववीत आहे. इंग्रजी कच्चं आहे तिचं. घरी इंग्रजी पेपर लावतो म्हणतोय. कुठला लावू?" आम्ही फारसा विचार न करता 'द हिंदू' सांगून मोकळे झालो. स्पर्धा परीक्षेची मुले तोच वाचतात, एवढाच आमचा आधार. महिन्याभराने मुलीला विचारले, तर ती खाली मान घालून म्हणाली, "सर, पहिल्या चार ओळींतच अडकते. अम्मी आता तो पेपर कपाटात अंथरते."

चूक तिची नव्हती, आमची होती. नाडी न पाहताच आम्ही औषध दिले होते. म्हणून मुंबईहून येणाऱ्या एका सहकाऱ्याला एकाच तारखेचे तीन पेपर आणायला सांगितले : टाइम्स ऑफ इंडिया, इंडियन एक्स्प्रेस आणि द हिंदू. वर्गात ते बाकांवर पसरले आणि मुलांबरोबर आम्हीही पहिल्यांदाच शेजारी शेजारी ठेवून वाचले.

तिघांत टाइम्स सर्वांत जुना. १८३८ साली तो मुंबईत 'बॉम्बे टाइम्स' म्हणून निघाला आणि १८६१ मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. त्याची बातमी आटोपशीर, मथळ्यात शब्दांचे खेळ, आणि 'नेता', 'देसी' असे आपले शब्दही इंग्रजीत बिनधास्त येतात. पाणी, लोकल, शाळाप्रवेश असे शहराचे विषय भरपूर. नव्या वाचकाला हा सोपा जातो. मात्र कधी कधी पहिले पान गाठायला आधी पानभर जाहिरात उलटावी लागते. 'बॉम्बे टाइम्स' या नावाने आज जी रंगीत पुरवणी येते, तिच्या नावाजवळ बारीक अक्षरांत 'ॲडव्हर्टोरियल' असा शब्द असतो. म्हणजे आतला मजकूर जाहिरातीसारखाही असू शकतो. मुलांना ती ओळ शोधायला लावली. सापडल्यावर एक मुलगा म्हणाला, "सर, लिहिलंय खरं, पण वाचणार कोण?"

इंडियन एक्स्प्रेस १९३२ साली मद्रासला सुरू झाला आणि पुढे रामनाथ गोएंकांनी तो वाढवला. आपल्या घरात येणारा 'लोकसत्ता' याच समूहाचा. खोदून काढलेली बातमी ही याची ओळख. आणीबाणी लागल्यावर २८ जून १९७५ च्या अंकात याने अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती. सेन्सॉरला तेच उत्तर. विद्यार्थ्यांसाठी त्याचे 'एक्सप्लेन्ड' हे पान फार उपयोगाचे. एखादा कायदा, निकाल किंवा परदेशातले युद्ध त्यात मुळापासून समजावून दिलेले असते.

द हिंदूची चाल संथ. मथळा शांत, वाक्य लांब, संसद आणि न्यायालयाच्या बातम्या तपशीलवार. आमची विद्यार्थिनी अडली ती या लांब वाक्यांतच. पण या पेपरची एक गोष्ट आम्हाला फार आवडली. आपल्या चुका तो रोजच्या रोज छापतो. वाचकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी २००६ साली त्याने वाचक-संपादक असे वेगळे पद नेमले. मुले चकित झाली. वहीतली चूक खोडरबराने पुसायची असते एवढेच त्यांना ठाऊक. ती चारचौघांत छापायची असते, हे नवीन.

मग खरा धडा सुरू झाला. गुन्ह्याची एक बातमी तिन्ही पेपरांत होती. मुलांना क्रियापदांखाली रेघ मारायला सांगितले. कुठे 'सेड', कुठे 'क्लेम्ड', कुठे 'अलेज्ड', तर कुठे नुसते 'सोर्सेस'. 'सेड' म्हणजे कुणीतरी म्हणाले. 'अलेज्ड' म्हणजे आरोप आहे, सिद्ध झालेला नाही. 'सोर्सेस' म्हणजे सांगणारा आहे, पण नाव पुढे करत नाही. फळ्यावर हे लिहीत असताना मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पेपरात नाव आलं म्हणजे त्यानेच केलेलं असतं ना?"

वर्ग शांत झाला. हा प्रश्न आपल्या मोहल्ल्यातल्या मुलाने विचारावा, याने आम्हीही थांबलो. मग त्यांना मालेगावचे सांगितले. २००६ च्या बॉम्बस्फोटानंतर नऊ मुस्लीम पुरुषांना अटक झाली. त्यांना जामीन मिळायला पाच वर्षे गेली, आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. नवांपैकी एक जण तो दिवस पाहायला हयात नव्हता. मधल्या दहा वर्षांत त्यांच्या घरच्यांनी काय सोसले, ते एका 'अलेज्ड' शब्दाची किंमत ओळखणाऱ्यालाच कळेल. बातमी आली की आधी तपासून घ्या, नाहीतर नकळत कुणावर अन्याय होईल, ही सूरह हुजुरातची ताकीद आपल्या मुलांना माहीत असते. इंग्रजी पेपर वाचताना ती वापरायची असते, हे आम्ही शिकवायला विसरतो.

"इंग्रजी पेपर आपल्याबद्दल नीट लिहीतच नाहीत" अशी तक्रार आपल्याकडे नेहमी ऐकू येते. काही वेळा ती खरीही असते. पण तक्रारीच्या पुढे जाणारेही झाले आहेत. मुथुस्वामी अय्यर मद्रास हायकोर्टाचे न्यायाधीश झाले, तेव्हा तिथल्या इंग्रजांच्या पेपरांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम उघडली. त्याला उत्तर म्हणून सहा तरुणांनी १८७८ साली द हिंदू काढला. आपल्या मुंबईत फिरोजशहा मेहतांनी सुरू केलेल्या 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादकपद सय्यद अब्दुल्ला ब्रेलवी यांनी १९२४ पासून जवळजवळ पंचवीस वर्षे सांभाळले आणि स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगही पाहिला. आपल्या किती मुलांना हे नाव ठाऊक आहे?

पेपर काढणे प्रत्येकाला जमणार नाही, पत्र लिहिणे जमेल. बातमी चुकीची वाटली तर तारीख, पान, चूक आणि पुरावा एवढेच चार ओळींत संपादकांना कळवावे. शिवीगाळ नको. दाद मिळाली नाही तर प्रेस कौन्सिलकडे जाता येते. पण तिथेही आधी संपादकांना लिहिले होते का, हे विचारतात.

आता मूळ प्रश्न. आमचे उत्तर असे : सुरुवात सोप्या पेपरातल्या शहराच्या आणि खेळाच्या पानापासून करावी. सहा महिन्यांनी 'एक्सप्लेन्ड'कडे वळावे. अग्रलेख त्यानंतर. रोज एकच बातमी, पण शेवटपर्यंत आणि मोठ्याने. दोन घरांनी मिळून दोन वेगळे पेपर लावले आणि संध्याकाळी बदलून घेतले, तर खर्च तेवढाच राहतो आणि तुलनेची सवय लागते.

त्या पालकांनी पेपर बदलला. परवा भेटले तेव्हा म्हणाले, "सर, मला इंग्रजी येत नाही. ती वाचते, मराठीत सांगते. मी एवढंच विचारतो, हे म्हणतंय कोण? कधी कधी तिला परत वर जाऊन शोधावं लागतं."

पेपर कुठलाही असो, घरात हा प्रश्न विचारणारे कुणीतरी हवे.