आधी विचारा, फळा दिसतो का?

महापालिकेच्या शाळेतलं मूल वाचनात मागे पडलं की दोष शिक्षकांवर जातो, नाहीतर घरच्यांवर. परभणीत यापेक्षा वेगळं काही घडत नाही. पण डोळे कोणी तपासले? लघुदृष्टी असलेल्या मुलाला जवळचं स्वच्छ दिसतं, लांबचं धूसर. मोबाइल नीट पाहतं म्हणून घरी शंका येत नाही. वर्गात मात्र ते शेजारच्याच्या वहीतून उतरवून घेतं आणि ‘ढ’ ठरतं. सगळ्यांना असंच दिसत असेल, असं त्याला वाटतं.

२०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा तपासणी. योजना चांगलीच, पण पथक जानेवारीत आलं तर मुलाचं वर्ष गेलं. ६ मीटरवर अक्षरतक्ता लावून एकेक डोळा झाकायचा, एवढी प्राथमिक चाचणी शिक्षकही जूनमध्येच करू शकतात. पुढे नंबर काढायला जिल्हा रुग्णालय आहे, गरजूंना मोफत चष्म्याची तरतूदही आहे. मात्र मिळालेला चष्मा दप्तरातच राहतो; मुलींना तर तो लावू नको म्हणून घरातूनच सांगितलं जातं. म्हणून निकालाच्या बैठकीत टक्केवारीशेजारी हेही मांडा: चष्मा किती जणांना हवा होता, आणि आज वर्गात किती जण तो लावून बसलेत.