जेवण आपोआप येत नाही

पिक्चर बघितला की पुस्तक वाचायची काय गरज, हे माझ्याकडे शिकवणीला येणाऱ्या मुलांचं ठाम मत आहे. दोन-चार पुस्तकांच्या बाबतीत मी त्यांच्याशी भांडणारही नाही. हॅरी पॉटरच्या बाबतीत मात्र भांडते. दिव्यातल्या आमच्या इमारतीत सहावी ते नववीच्या जवळजवळ सगळ्या मुलांनी हे सिनेमे पाहिलेत, हिंदीत डब केलेले, टीव्हीवर नाहीतर आईच्या मोबाइलवर. पुस्तक कुणीच उघडलेलं नाही. आणि जे पुस्तकात आहे पण सिनेमात नाही, ते नेमकं तुमच्या-माझ्या घरातलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

ज्या मैत्रिणींचा या प्रकरणाशी संबंध आला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. जे. के. रोलिंग या ब्रिटिश लेखिकेची ही सात पुस्तकं. पहिलं १९९७ मध्ये आलं, शेवटचं २००७ मध्ये. आईबापाविना वाढलेला हॅरी नावाचा मुलगा, त्याची जादूची निवासी शाळा हॉगवर्ट्स, रॉन आणि हर्मायनी हे दोन जिवलग मित्र आणि व्होल्डेमॉर्ट नावाचा क्रूर जादूगार. भोपाळच्या मंजुल प्रकाशनानं 'हॅरी पॉटर आणि परीस' या नावानं पहिलं पुस्तक मराठीत आणलं, मग पुढचेही भाग आले. २००१ ते २०११ या दहा वर्षांत आठ सिनेमे निघाले. सातव्या पुस्तकाचे दोन केले म्हणून आठ.

आता एवढ्या जाड पुस्तकाचा सिनेमा करायचा म्हणजे कापाकापी आलीच. पाचवं पुस्तक सगळ्यात मोठं, ब्रिटिश आवृत्तीत ७६६ पानांचं. त्याचा सिनेमा १३८ मिनिटांचा! गंमत म्हणजे दुसरं पुस्तक त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढं, २५१ पानांचं, आणि त्याचा सिनेमा १६१ मिनिटांचा. म्हणजे पुस्तक वाढत गेलं तसतशी कात्री जास्त चालली. त्याबद्दल माझी तक्रार नाही. गोष्ट सांगणारा प्रत्येक जण कापतोच. माझी आजी रामायण सांगायची तेव्हा लंकेतलं युद्ध दोन वाक्यांत उरकायची आणि अशोकवनातल्या सीतेपाशी येऊन तासभर थांबायची. आजोबांचं नेमकं उलटं. त्यांची सीता चार वाक्यांत आटपायची आणि कुंभकर्ण संपता संपायचा नाही. कोण काय गाळतं यावरून त्याला काय बिनमहत्त्वाचं वाटतं ते कळतं, एवढंच.

मग हॅरी पॉटरच्या सिनेमांनी काय गाळलं?

स्वयंपाकघर गाळलं, माझ्या मते. पहिल्या सिनेमातला तो प्रसंग सगळ्या मुलांना पाठ आहे. भल्यामोठ्या दालनात शेकडो मुलं बसलेली, हेडमास्तर हात हलवतात आणि रिकाम्या ताटांत एकदम सगळं हजर. मुलांचे डोळे चमकतात. पुस्तकातही हा प्रसंग आहे. पण पुस्तक तिथे थांबत नाही. चौथ्या भागात अशाच एका मेजवानीत हर्मायनीला कळतं की हे जेवण जादूनं येत नाही. दालनाच्या बरोबर खाली स्वयंपाकघर आहे, तिथे शंभराहून जास्त एल्फ राबतात. बुटके, मोठाल्या कानांचे, पिढ्यान् पिढ्या घरकामालाच जुंपलेले. ते ताटं भरतात आणि वर पाठवतात. त्यांना पगार नाही, सुट्टी नाही, आणि आपण कुणाच्या दिसण्यातही येऊ नये हीच त्यांच्या कामाची शाबासकी! हर्मायनी समोरचं ताट बाजूला सारते. मग ती एक संघटना काढते, बिल्ले करते, वर्गणी मागत फिरते. सगळी शाळा तिला हसते. रॉन तर सगळ्यात जास्त.

सिनेमात यातलं काही नाही. संघटना नाही, बिल्ले नाहीत. विंकी नावाची एक एल्फ बाई चौथ्या भागात आहे. मालकानं सांगितलं म्हणून उंचीची भीती वाटत असतानाही उंच जागी त्याची खुर्ची राखून बसते, आणि पुढे त्याच मालकाकडून सगळ्यांदेखत कामावरून काढली जाते. ती सिनेमात औषधालाही नाही. डॉबी हा एल्फ दुसऱ्या सिनेमात, २००२ मध्ये, मोकळा होतो आणि मग थेट २०१० च्या सिनेमात मरायलाच येतो. मधली आठ वर्षं तो कुठे होता? पुस्तकात विचारा. हॉगवर्ट्सच्या स्वयंपाकघरात कामाला होता. पगार मागणारा पहिला एल्फ. आठवड्याला सोन्याचं एक नाणं आणि महिन्यातून एक सुट्टी. हेडमास्तर याहून कितीतरी जास्त द्यायला तयार होते, यानंच घासाघीस करून कमी करून घेतलं, कारण एवढं मिळायची सवयच नव्हती.

हा भाग मी एकदा शिकवणीत वाचून दाखवला. सातवीतली एक मुलगी, तिची आई पाच घरी पोळ्या करते. इथून पहाटेच्या लोकलनं ठाण्या-मुलुंडकडे कामाला जाणाऱ्या बायकांना तुम्ही कधी पाहिलं असेल तर तिची आई तुमच्या डोळ्यांसमोर येईल. सगळी मुलं डॉबीला हसत होती. ही म्हणाली, "महिन्यातून एकच सुट्टी? माझ्या आईला दोन आहेत." मग थोड्या वेळानं, "पण त्या दोनचे पण एकदा कापले होते."

वर्गातलं हसू तिथेच थांबलं. सिनेमा दहा वेळा बघून हा प्रश्न तिला पडला नसता, कारण सिनेमात विचारायला कुणी उरलेलंच नाही. (आपल्याकडे घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी कायदा झाला तो २००८ साली. हर्मायनीचे बिल्ले २००० सालच्या पुस्तकातले आहेत.)

आता रॉनची आई घ्या. सात मुलांची आई, बेताच्या पगारातला संसार, नाताळात सगळ्यांना हातानं विणलेले स्वेटर. हॅरीलाही. सिनेमात ती दिसते. गोड, गुबगुबीत, थोडी ओरडणारी. पण पाचव्या पुस्तकातला तिचा जो प्रसंग मला सगळ्यात जास्त आठवतो, तो सिनेमात नाही. बॉगार्ट नावाचा एक प्राणी असतो, समोरच्याला ज्याची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याचं रूप घेणारा. तिसऱ्या सिनेमात त्याची धमाल आहे, मास्तर आजीच्या कपड्यांत वगैरे. पाचव्या पुस्तकात रॉनची आई रात्री एकटीच त्याला हाकलायला जाते. तिच्यासमोर रॉन मरून पडलेला दिसतो. ती जादूची कांडी उगारते, तर दुसरा मुलगा. मग नवरा. मग जुळे. मग भांडून घर सोडून गेलेला मुलगा. मग हॅरी, जो तिचा नाहीच. एकेक प्रेत बदलत जातं आणि ती हुंदके देत राहते. युद्ध म्हणजे काय हे मला तिथे कळलं. पोरं घरी यायला उशीर झाला आणि कुठे अपघात झाल्याची बातमी कानावर आली की आपल्यातली प्रत्येक जण ही प्रेतं मनातल्या मनात मोजतेच की!

शेवटच्या सिनेमात हीच बाई बेलाट्रिक्स नावाच्या कर्दनकाळ बाईला द्वंद्वात संपवते. मुलं शिट्ट्या मारतात. मलाही आवडतं. पण तो राग कुठून आला हे सिनेमापुरतं बघणाऱ्याला अर्धंच कळतं.

नेव्हिल या बुजऱ्या मुलाच्या आईचंही तेच. छळानं वेडी झालेली, इस्पितळात वर्षानुवर्षं पडून असलेली. पोराला ओळखत नाही, पण तो भेटायला आला की च्युइंगमचा रिकामा कागद त्याच्या हातात ठेवते. आजी म्हणते, टाक तो कचऱ्यात. तो हळूच खिशात घालतो. सिनेमात त्याऐवजी एक फोटो आणि दोन-चार वाक्यं. व्होल्डेमॉर्टच्या आईची सगळी कर्मकहाणी सहाव्या सिनेमातून बाद. हॅरीच्या खाष्ट मावशीला, त्या रात्री आपलीही बहीण गेली, असं म्हणण्याचा एक प्रसंग चित्रित झाला होता, तोही अंतिम सिनेमातून काढला.

एखादा गाळणं समजू शकते. एवढ्या बायका एकाच कात्रीत?

यावर हमखास उत्तर येतं की घरातलं पडद्यावर रंगत नाही, तिथे ड्रॅगन लागतो. आठही सिनेमांचे चारही दिग्दर्शक पुरुष आणि पटकथा लिहिणारे दोघेही पुरुष, म्हणून असं झालं का? तसं मी म्हणणार नाही, कारण आचार्य अत्रेही पुरुषच होते. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यात लढाई नाही, रहस्य नाही. अंगण, विहीर, देवपूजा, कर्ज आणि आई. अत्र्यांनी १९५३ मध्ये त्याचा सिनेमा केला, वनमालाबाई आई आणि माधव वझे श्याम, आणि राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा तो देशातला पहिला चित्रपट ठरला. अत्र्यांनीही काटछाट केलीच असणार. पण आई काढली नाही.

आणि हॅरी पॉटरवाल्यांनाही जमत नव्हतं असं नाही. सातव्या भागाच्या पहिल्या सिनेमात, युद्धात आईवडिलांना धोका नको म्हणून हर्मायनी त्यांच्या आठवणीतून स्वतःलाच पुसून टाकते. घरातल्या एकेका फोटोतून तिचा चेहरा नाहीसा होत जातो. पुस्तकात ही गोष्ट ती नंतर बोलण्यात सांगते, जेमतेम काही ओळींत. सिनेमानं ती दाखवली, आणि इथे मी पुस्तकापेक्षा सिनेमाला जास्त मार्क देईन. मुलगी घर सोडताना मागे काय ठेवून जाते, हे एका मिनिटात सांगितलंय.

आता याच पुस्तकांवर मोठी मालिका करायचं ठरलंय. एचबीओची, घोषणा २०२३ मध्ये झाली, चित्रीकरण २०२५ मध्ये सुरू झालं. म्हणजे वेळ कमी पडला ही सबब या वेळी चालायची नाही. ड्रॅगन आणखी मोठा होईल यात मला शंका नाही. मी बघणार आहे ते स्वयंपाकघराचं दार उघडतं की नाही.

तोवर सुट्टीत मुलांना सातही पुस्तकं वाचा म्हणू नका, ती आकार बघूनच पळतील. वाचनालयातून चौथा आणि पाचवा भाग आणा. चौथ्यातलं बारावं आणि एकविसावं प्रकरण, पाचव्यातलं नववं आणि तेविसावं. सिनेमे पाहिलेल्या मुलांना मागचंपुढचं सगळं ठाऊक असतं, त्यामुळे मधूनच उघडलं तरी अडत नाही. नववं मात्र आधी स्वतः वाचा. मला ते मुलांसमोर मोठ्यानं पुरं वाचता आलं नाही, शेवटची दोन पानं नववीतल्या एका मुलानं वाचली.